टॉवेल टाकलेली सीट

मुरुडहून लातूरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ते मला रोज दिसायचे. सरपंचपद सुटून जमाना झाला होता, तरी सगळी बस त्यांना सरपंचच म्हणायची. मुलगा मुंबईत मंत्री होता. हे मात्र एसटीनंच फिरायचे आणि कुणाच्या बांधाचा, कुणाच्या नळाचा तंटा मुरुड ते लातूरच्या वाटेतच मिटवून मोकळे व्हायचे.

बसमध्ये चढले की खांद्यावरचा टॉवेल ते आमदारांसाठी राखीव असलेल्या सीटवर टाकत आणि स्वतः मागच्या सीटवर बसत.

कंडक्टर म्हणायचा, "तुम्हीच बसा की तिथं, सरपंच. मंत्र्याचे वडील तुम्ही."

"न्हाई. ती लेकाची जागा हाय. येक दिस माझ्यासंगं यष्टीनं येतो म्हणलाय. तवर धरून ठिवतो."

एखादी लेकुरवाळी बाई चढली की मात्र टॉवेल लगेच उचलायचे. "बस, माय. त्यो आला की ऊठ."

परवा पोलिसांनी आमची बस रस्त्याच्या कडेला थांबवली. शेजारून त्यांच्या लेकाच्या गाड्यांचा ताफा भोंगे वाजवत लातूरकडं गेला. सगळे सरपंचांकडं बघायला लागलो. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून शेवटची गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं. आत वळले तेव्हा चेहरा नुसता फुलला होता. त्यांनी टॉवेलवरची धूळ झटकली आणि तो सीटवर पुन्हा नीट अंथरला.

"लई पळायलाय बिचारा," ते म्हणाले. "यष्टी चुकली वाटतं त्याची."