हिरवं बटण

लेओना डेग्ल अमेरिकेतल्या मेन राज्याच्या विधानसभेत आठ वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. मी किनाऱ्यावरचा, लॉबस्टर पकडून पोट भरणारा एल्विन बील. ती पार उत्तरेच्या टोकाची, कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या खोऱ्यातली, घरात फ्रेंच बोलणारी. पहिल्याच दिवशी तिने पिशवीतून लोकर आणि सुया काढल्या आणि भाषणं चालू असताना हातमोजा विणायला घेतला. मी म्हटलं, "बाई, हे सभागृह आहे." ती मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे रे. म्हणून तर काहीतरी कामाचं करतेय."

तेव्हाच आमचं जमलं.

त्याआधी तिने सगळी उमर शाळेची बस चालवण्यात घालवली होती. तिच्या रस्त्यावर एका वळणावर बर्फ साचायचा आणि पोरांना ढिगाऱ्याच्या पलीकडे उभं राहावं लागायचं. तिने तिथल्या आमदाराला फोन केले, निरोप ठेवले. गृहस्थ कधी फोनवर आलेच नाहीत. मग ही पुढच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभी राहिली. निम्म्या मतदारांना तिने लहानपणी बसमध्ये दटावून गप्प बसवलेलं होतं. त्यांची तिला नाही म्हणायची काय बिशाद! गृहस्थ सपाटून पडले आणि त्या वळणावरचा बर्फ पहिल्याच हिवाळ्यात निघाला.

दर सोमवारी पाच तास गाडी हाकत ती राजधानीत यायची. वाटेत मूस, म्हणजे तिकडचं घोड्याएवढं सांबर, आडवं आलं की काच खाली करून त्यालाच शिव्या द्यायची. डब्यात प्लॉय असायचे, तिकडची ती बकव्हीटची पिवळी धिरडी. मला दोन, तिला दोन, आणि एक विरोधी बाकावरच्या टारबॉक्सला. तो त्यांचा नेता, आणि आमचा पक्का वैरी. "त्याला कशाला?" मी कुरकुरायचो. "भुकेला माणूस जास्त बोलतो," ती म्हणायची.

मोठे कायदे तिने केले नाहीत, उगाच कशाला खोटं बोलू? एकदा शिक्षण समितीतल्या कुणीतरी बटाटे काढणीची शाळेची सुट्टी बंद करायचं काढलं. ही उठली आणि म्हणाली, "जरूर करा. पण मग सप्टेंबरात आमच्या शेतात बटाटे वेचायला समितीने यायचं. टोपल्या आम्ही देऊ." सुट्टी आजही चालू आहे.

खरी कसोटी शेवटच्या वर्षी लागली. आमच्याकडे सलग आठ वर्षांपेक्षा जास्त कुणाला बसता येत नाही, म्हणजे हे तिचं शेवटचं अधिवेशन. खोऱ्यातला एकुलता एक वृद्धाश्रम बंद पडायला आला होता. तिची थोरली बहीण ब्लांश तिथेच होती. ब्लांशला विस्मरणाचा आजार जडलेला, आणि त्यात इंग्रजी आधी गेलं. राहिलं ते फक्त खोऱ्यातलं फ्रेंच. आश्रम बंद झाला तर तिला तीन तासांवरच्या शहरात हलवावं लागणार, जिथे तिचं बोलणं कुणाला कळणार नाही.

"तहान लागली तर पाणी कुणाकडे मागेल रे ती?" लेओना एकदा मला म्हणाली. त्या दिवशी तिच्या हातातल्या सुया थांबल्या होत्या.

आश्रमाला सरकारी मदत देणारं विधेयक तिने आणलं. वरच्या सभागृहाने ते मान्य केलं, राज्यपालांनी सही करायचा शब्द दिला. अडलं होतं फक्त आमच्याकडे. समिती दुभंगली होती आणि टारबॉक्सने चलाखी केली. 'हे विधेयक फेटाळावं' असा जो समितीतल्या एका गटाचा अहवाल होता, तोच स्वीकारावा असा प्रस्ताव त्याने आधी मांडला. म्हणजे आमच्या बाकावरचं हिरवं बटण दाबलं की अहवाल स्वीकारला आणि विधेयक मेलं. विधेयक जगवायचं तर लाल दाबायचं. आमच्या सभागृहात या भानगडीत भले भले फसलेत.

म्हणून लेओना सकाळपासून एकेकाला गाठून बजावत होती. "आज लाल हं! विसरलास तर तुला विणून दिलेले हातमोजे परत घेईन." जेवणाच्या रांगेतही लाल, जिन्यावरही लाल.

मतदानाच्या आधी ती बोलायला उठली. ब्लांश पाणी कुणाकडे मागेल, हेच तिने सभागृहाला विचारलं. खाली बसली आणि लोकर मांडीवर ओढून घेतली. घंटा झाली, आम्ही बटणं दाबली, मतदान बंद झालं. समोरच्या फलकावर आकडे आले. अहवाल एका मताने स्वीकारला गेला होता. विधेयक संपलं.

लेओना फलकाकडे बघत राहिली. "एल्विन, माझ्या नावापुढे हिरवा दिवा का आहे?"

मी फलक पाहिला. "कारण तू हिरवं दाबलंस, बाई."

आठ वर्षं स्वतःच्या विधेयकाला हिरवं दाबायची सवय! सगळ्यांना लाल लाल म्हणून पढवलं आणि हिचंच बोट हिरव्यावर गेलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला तिची कीव आली, आणि कीव आली की मी वाकडं बोलतो. खोड आहे माझी.

"अभिनंदन," मी पुटपुटलो. "जिंकलेल्यांच्या बाजूला आहेस तू."

ती गर्रकन वळली. "काय म्हणालास?"

"जिंकलेल्यांच्या..." आणि माझीही ट्यूब पेटली.

फेरविचाराची मागणी आमच्याकडे फक्त जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्यालाच करता येते. हरलेल्यांना तोंड उघडायची सोय नाही, आणि जिंकलेला माणूस कशाला ती मागेल? पण आज जिंकलेल्यांत लेओना होती.

लोकरीचा गुंडा खाली पडला तरी तिने पाहिलं नाही. ती उभी राहिली. "अध्यक्ष महोदया, मी जिंकलेल्या बाजूने मत दिलंय. देवा, क्षमा कर, पण दिलंय. फेरविचार व्हावा अशी माझी मागणी आहे."

सभागृहात हशा उसळला. मग टारबॉक्स उठला. आता हा फाडून खाणार, मला वाटलं.

"माझा या विधेयकाला विरोध होता आणि आहे," तो म्हणाला. "पण चुकून माझ्या दारात आलेलं मत मी ठेवून घेणार नाही. मी नवीन होतो तेव्हा माझंच विधेयक असंच स्वतःच्या हाताने मारलं होतं. त्या दिवशी फेरविचार मागता येतो हे मला सांगणारं कुणी भेटलं नाही. बाईंना संधी द्या."

त्याच्या अर्ध्या लोकांनीही हात वर केले. फेरविचार मान्य झाला, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा घंटा.

"एल्विन, लालच ना?"

"लाल."

"नक्की?"

"दाब ना बाई!"

तिने लाल दाबलं आणि मतदान बंद होईपर्यंत बोट उचललंच नाही. अहवाल एका मताने पडला आणि पाठोपाठ विधेयक मंजूर झालं. माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला समुद्रातल्या वादळातून धक्क्याला लागल्यावरही वाटलं नव्हतं. टारबॉक्स आमच्या बाकाशी येऊन म्हणाला, "उद्याही धिरडी आणणार ना?" लेओनाने त्याला मिठीच मारली. मी नजर फिरवली. वैऱ्याशी इतकी सलगी मला जमत नाही.

बाहेर जिन्यावर बसून तिने आश्रमात फोन लावला. नर्सने तो ब्लांशच्या कानाला धरला. मला फ्रेंच कळत नाही. मी फक्त लेओनाचा चेहरा बघत होतो. ती भराभरा बोलत होती, हसत होती, नाक पुसत होती. मग एकदम तिने फोनवर हात ठेवला.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

ती म्हणाली, "मी तिला सांगितलं, ब्लांश, आता तुला इथून कुठेही जावं लागणार नाही. तर ती विचारतेय, मी कुठे जाणार होते गं?"

तिने हात काढला, डोळे पुसले आणि बहिणीला काहीतरी सांगितलं. या खेपेला तिने ते मला समजावून सांगितलं नाही. गरजही नव्हती. कुठेच नाही, एवढंच असणार ते.