दोन बांबू

माझा स्वभाव मुळात संशयी. दूधवाल्याकडे मापावर नजर आणि नावेत बसलो की नाववालीच्या हातांवर.

माझी एकशिक्षकी शाळा तापीच्या फुगवट्यापलीकडे. सडकेने वळसा घातला तर दुपार व्हायची, म्हणून मी मावशीच्या नावेने जायचो. खताच्या गोण्या शिवून केलेलं शीड, एक वल्हं आणि वाटेत जुना बुटका पूल. खाली धरणाची दारं बंद झाली की पावसावाचूनही पाणी चढतं. पूल जवळ आला की मावशी शिडाची काठी आडवी करायची आणि खालून जाता येईल का ते मापायला नावेच्या टोकाला एक बांबू उभा धरायची. बांबू पुलाला टेकला की नाव मागे.

"गुरुजी, पानी चढी गयं," एवढंच म्हणायची.

पहिल्याच दिवशी तिने मला नावेत आडवं व्हायला सांगितलं होतं. तळाला चिखलपाणी आणि माझा शर्ट कडक इस्त्रीचा. "मी काय पोतं आहे?" असं म्हणून मी ताठ बसून राहिलो.

पण मी मागे फिरलो त्याच दिवशी बाजाराला जाणाऱ्या बायका पुलाखालून गेल्याचं कळायचं. शंकेची पाल चुकचुकली. बाई मला बनवतेय! एकदा रिकाम्या नावेतल्या बांबूवर मी गुपचूप पेनाने खूण केली. दुसऱ्या दिवशी मी बसल्यावर तिने धरलेल्या बांबूवर खूण नव्हती.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या सकाळी मुलं पलीकडे थांबलेली, त्यांची प्रवेशपत्रं माझ्या पिशवीत. बांबू पुलाला टेकला. माझं डोकं फिरलं. फळीखाली हात घालून मी दुसरा बांबू ओढून काढला. हातभर आखूड, त्यावर माझी खूण.

"मावशी, हे काय?"

"हाऊ गावना लोकेस्ना. त्या आडवा पडतस. लांब तुमना. तुम्ही बठेल ऱ्हातस ना."

"मग सांगायचं नाही?"

"सांगेल व्हतं एकडाव."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवी छातीशी धरून मी आडवा झालो. पाठीखाली पाणी गार लागलं, पुलाचं शेवाळ नाकावरून सरकलं. मुलं वेळेत परीक्षेला बसली.

संध्याकाळी शाळेत येऊन ओल्या शर्टानेच हजेरीपट उघडला. 'पाणी चढल्यामुळे शाळा बंद.' पानापानावर, माझ्याच वळणदार अक्षरात.