रशीदचाचांनी माफ केलेलं नाही

बातमी मला पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची मार्केटात कळली. सांगणाऱ्यानं एका दमात दोन गोष्टी सांगितल्या. रशीद मिस्त्री जालन्याच्या दवाखान्यात वारले, आणि जाण्याआधी मालकाला माफ करून गेले. पहिली गोष्ट खरी होती. दुसरी मालकानं स्वतः पसरवलेली होती, आणि ती खोटी आहे एवढं सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायला बसलोय. चाचांना जाऊन आता दीड महिना झाला. तेवढ्यात ही माफीची कथा धावड्यापासून भोकरदनपर्यंत पोचली, आणि दर वेळी ती ऐकताना माझ्या अंगाची लाही लाही झाली. मालक म्हणजे आमच्या मार्केटातला बडा व्यापारी, त्याचं नाव मी लिहीत नाही. रविवारी सकाळी पेपरात हे वाचताना आमच्या भागात कुणाचा चहा घशात अडकेल, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

चाचा मूळचे अंबडचे. आमच्या फाट्यावर त्यांनी गॅरेज टाकलं तेव्हा मी शाळेत होतो. पुढं मी मराठी घेऊन बी.ए. झालो, नोकरी काही लागली नाही, म्हणून पिकअप घेतली आणि मिरची वाहायला लागलो. पहिल्यांदा गाडी घेऊन गेलो आणि ऐटीत म्हणालो, गिअरचं तेल बदला. त्यांनी विचारलं, किताब कुठंय? मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांना गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक हवं होतं, आणि ते माझ्या घरी कपाटात, प्लास्टिकची पिशवीसुद्धा न काढलेलं पडून होतं. तेल म्हणजे तेल, असं मी म्हणताच त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि मला ते आणायला घरी पिटाळलं. गाडीचं नाव तेच असलं तरी साल बदललं की आतला गिअर बॉक्स बदलतो, आणि त्याचं तेलही. कुणाला पातळ लागतं, कुणाला जाड, एखाद्याला तर चक्क इंजिनाचंच तेल चालतं. चाचांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी पान वाचून दाखवायचो, मग ते पुस्तकातला आकडा आणि डब्यावरचा आकडा शेजारी धरून एकेक अक्षर जुळवून बघायचे. हजार गिअर बॉक्स खोललेला माणूस, पण अंदाजानं एक थेंब टाकायचा नाही.

बहुतेक जुन्या पिकअपच्या गिअर बॉक्सला ‘जीएल-चार’ जातीचं तेल लागतं आणि मागच्या हौसिंगला, म्हणजे डिफरन्शियलला, ‘जीएल-पाच’. आमच्याकडं लोकांचा हिशेब सोपा. चारापेक्षा पाच मोठा, म्हणजे पाच चांगलं. शिवाय हौसिंगमध्ये ओतून डब्यात तेल उरतंच, ते वाया कशाला घालवायचं, ओता पुढं. चाचा यावर तळतळून बोलायचे. गिअर बॉक्सात पितळेच्या कड्या असतात, गिअर पडताना त्या घासून दोन दातांची गती जुळवून देतात. पाच नंबरात हौसिंगच्या दातांसाठी जे औषध घातलेलं असतं ते पितळेला मानवत नाही, वर तेल इतकं निसरडं की कड्यांना पकड मिळत नाही. हे लगेच दिसत नाही. गाडी चार-सहा महिने बराबर चालते, आणि मग एक दिवस तिसरा गिअर कुरकुरायला लागतो... तोपर्यंत तेल कुणी टाकलं होतं, हे सगळे विसरलेले असतात.

मालकाकडं पाच पिकअप होत्या आणि मार्केटाशेजारी स्वतःचं तेलाचं दुकान. त्यानं एक गाडी चाचांकडं पाठवली, सोबत दुकानातला पाच नंबरचा एकच डबा, दोन्हीकडं टाका म्हणून. चाचांनी हौसिंगमध्ये टाकलं आणि उरलेलं तेल डब्यासकट परत पाठवलं. गिअर बॉक्सला वेगळं आणा, हे टाकणार नाही, असा निरोपही दिला. दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात फॅनचा पट्टा घ्यायला गेल्तो. मालक स्वतः उभा राहून, दुसऱ्या एका माणसाकडून, तेच उरलेलं तेल त्याच गाडीच्या गिअर बॉक्सात ओतून घेत होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि संध्याकाळी चाचांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत.

सहा महिन्यांनी ती गाडी भरल्या मालासकट रस्त्यात बसली. मालकानं भर लिलावाच्या वेळी चाचांना मार्केटात बोलावून घेतलं. तीस-चाळीस गाडीवाले जमलेले होते. झिजलेल्या पितळी कड्या हातावर घेऊन तो सगळ्यांना दाखवत फिरला, बघा, मिस्त्रीनं माझा गिअर बॉक्स खाल्ला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. चाचा शांत होते. ते एवढंच म्हणाले, “तेल कुणी टाकलं ते दत्ताला विचारा. त्यानं बघितलंय.”

दत्ता म्हणजे मी. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि माझ्या गाडीला माल मालकच द्यायचा. मी म्हणालो, मला काही आठवत नाही.

चाचांनी मला पुन्हा विचारलं नाही. ते वळले आणि चालत गॅरेजला गेले. त्यानंतर लोक तुटत गेले. गाड्या फाट्यावरून भोकरदनच्या मिस्त्र्यांकडं जायच्या आणि चाचा खुर्ची टाकून बघत बसायचे. ज्या माणसाच्या कामावर कधी बोट ठेवायला जागा नव्हती, त्याला लोक गिअर बॉक्स खाणारा मिस्त्री म्हणायला लागले. मी माझी गाडी नेत राहिलो. ते काम करायचे, तेल जुळवून बघायचे, पण माझ्याशी बोलणं मात्र कामापुरतं. दोन वर्षं असंच चाललं, आणि मग त्यांचं हृदय बिघडलं. डॉक्टर काहीही म्हणोत, ते कुणी बिघडवलं ते मला माहीत आहे, आणि त्या यादीत माझंही नाव आहे.

मी दवाखान्यात गेलो त्याच्या आदल्या दिवशी मालक येऊन गेला होता. खाटेखाली मोसंब्यांची पिशवी तशीच गाठ मारलेली होती. चाचा हळू बोलत होते, पण शब्द स्वच्छ होते.

“तो आल्ता. म्हणला झालं गेलं विसरून जा. मी भिंतीकडं तोंड केलं. आता बाहेर जाऊन सांगन, मिस्त्रीनं माफ केलं म्हणून. तू ऐकून ठेव, मी बिलकुल माफ केलेलं न्हाई. कुणी म्हणलं तर सांग. एवढं तरी तोंड उघड.”

मी हो म्हणालो. मग न राहवून विचारलं, “आणि मला, चाचा?”

त्यांनी पंख्याकडं बघितलं.

“तुझं सोचून राह्यलो,” ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ते गेले. अंबडला मातीला आमच्या भागातलेही बरेच लोक आले होते. त्यांच्यात रिवाज आहे. दफन करण्याआधी घरचं कुणीतरी जमलेल्यांना विनंती करतं, की मयताकडून कुणाचं मन दुखावलं असेल तर त्याला माफ करा. चाचांच्या जावयानं हात जोडून तसं म्हटलं. आणि भिंतीजवळ उभा असलेला मालक सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “आम्ही माफ केलं.” त्यानं! चाचांना! मला वाटलं तिथंच त्याची गचांडी धरावी. पण मैतीचं ठिकाण होतं, मी मूग गिळले. चाचांच्या बाबतीत दुसऱ्यांदा.

गेल्या आठवड्यात मालकाचा फोन आला. नवी पिकअप घेतली आहे, गिअर अडखळतोय, दुकानातला माणूस एक सांगतो आणि डब्यावर भलतंच लिहिलेलं आहे. आवाज एकदम लोण्यासारखा. म्हणाला, तू मिस्त्रीजवळ इतकी वर्षं होतास, कोणतं तेल टाकायचं ते तुला माहीतच असेल. मला माहीत होतं. कुठलं पान उघडायचं तेसुद्धा पाठ आहे.

मी म्हणालो, “तुमचं दोघांचं मिटलंय ना? मग मिस्त्रीलाच विचारा.”

मी फोन ठेवला. त्या रात्री मला गाढ झोप लागली, आणि याची मला जराही लाज वाटत नाही.

माझ्याही गाडीचं तेल बदलायचं होतं. काल चाचींकडून गॅरेजची किल्ली घेतली. चाचांची एक सवय होती. खालचा बोल्ट काढून जुनं तेल सोडण्याआधी ते वरचा, तेल भरायचा बोल्ट ढिला करून बघायचे. तो गंजून अडकलेला असला आणि खालून तेल सोडून दिलं, तर गाडी जागेवरच रिकामी अडकते. मी तसंच केलं. जुनं तेल जाऊ दिलं, खालचा बोल्ट लावून नवं हळूहळू भरलं, वरच्या भोकातून धार बाहेर यायला लागेपर्यंत थांबलो. ती धार तुटली की ते “बस” म्हणायचे आणि बोल्ट लावायचे. धार तुटली. मी उगाचच आणखी थोडा वेळ पाना हातात धरून बसलो.

किल्ली परत द्यायला गेलो तेव्हा चाची ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मालकाची माफीची कथा त्यांच्याही कानावर गेलेली. मी विचारलं, त्याच्याबद्दल पेपरात सगळं लिहू का? त्या म्हणाल्या, लिख, एक लफ्ज मत छोड. मग दारात उभा राहून मी जे विचारायला गेलो होतो ते विचारलं. दवाखान्यात शेवटच्या दिवशी, माझ्याविषयी चाचा काही म्हणाले का?

चाचींनी सुपातून नजर वर केली.

“नै बेटा,” त्या म्हणाल्या. “तेरा नामच नै लिये उनो.”

मी किल्ली त्यांच्याजवळ ठेवली आणि निघालो.