धुऱ्याधुऱ्याने मोजलेली बोडी

धनराज ब्रह्मपुरीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवायचा. आरमोरीकडच्या त्याच्या गावात मात्र तो नुसता 'सर' होता. घराचा पाया असो की नाली, मोजायला लोक त्यालाच बोलवायचे. थोरल्या भावाने, सोमाजीने, शेतात पाणी साठवायला बोडी करायची ठरवली तेव्हा जागाही धनराजनेच पाहिली. धानाच्या चार चौकोनी बांध्यांचे धुरे, म्हणजे मधले मातीचे बांध, जिथे मिळत, तिथे खोलगट होतं. अडचण एकच. खालच्या अंगाला धुरपताबाईचं मातीचं घर होतं, आणि घरात खाटेला खिळलेला तिचा नवरा बिरजू. पाणी फुटलं तर तिथेच जाणार.

"सर, माह्या घराले काई होनार नाई ना?"

"चारी बाजूनं चढ हाये, बाई. पानी जाईन कुठी?"

पाण्याच्या नळीने त्याने पातळी घेतली होती, पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण. बांध्यांत लाखोळीचं पीक उभं होतं, म्हणून तो धुऱ्याधुऱ्यानेच फिरला. बोडीभोवतीची मातीची पाळ बेताचीच टाकली.

आषाढात बोडी तुडुंब भरली आणि भरदुपारी धुरपताबाईच्या घराकडचा, आग्नेयेचा कोपरा फुटला. ती धानाच्या रोवणीवर होती. भिंत बिरजूच्या अंगावर बसली.

"पानीच तेवढं पडलं," सोमाजी म्हणाला. गावही तेच म्हणालं.

पॉझिटिव्ह डेफिनिट मॅट्रिक्स धनराज दरवर्षी शिकवायचा. मधून कोणत्याही दिशेने निघा, चढच लागला तर ती वाटी. तिच्यात पाणी थांबतं. कर्णावरचे आकडे फक्त सरळ दिशांचं सांगतात. फळ्यावर तो वरच्या ओळीत एक-दोन, खालच्या ओळीत दोन-एक मांडायचा. कर्णावर दोन्हीकडे एक, दोन्ही धन, तरी एका तिरप्या दिशेला उतार. पोरं हटकून फसायची. तो हसायचा.

बिरजूच्या तेरवीनंतर तो धुरपताबाईकडे गेला. ती ढिगाऱ्यातून छपराची शाबूत कवेलू वेचत होती.

"बाई, पान्याचा दोष नाई. त्या कोपऱ्याकडं उतार होता. मी तिकडं मोजलंच नाई."

"काऊन?"

"बांध्यांतून तिरपा चाललो असतो त लाखोळी तुडवली असती."

"कोनाची होती लाखोळी?"

"आमचीच."

तिने हातातलं कवेलू थप्पीवर ठेवलं.

"सोमाजीले सांग, बोडी बुजव म्हना," ती म्हणाली. "आन् आता तू जाय."