पिवळा दिवा

बायकोसंगं केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे लोह्याच्या पंपावर पेट्रोल भरणं. नळी सारखी खट करून बंद पडायची. बायको खाली उतरून मागून गाडी हलवायची अन् पंपावरच्या पोराला म्हणायची, "भरा हो, अजून बसतंय."

दोन दिवसांनी तिच्या छातीत कळ आली. नांदेडला नेताना इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मी घाबरून गाडी थांबवली. दुसरी गाडी मिळेपर्यंत अर्धा तास गेला. ती वाटेतच गेली. सगळ्यांना सांगितलं, गाडी बंद पडली.

महिन्यानं नांदेडच्या एका मिस्त्रीकडं गेलो. नाव विचारलं न्हाई. पाईप काढला की तो डोळे मिटून वास घ्यायचा, अन् हात पुसल्याबिगर बोलायचा न्हाई. टाकीजवळचा काळा डबा त्यानं तिरका केला, तर पेट्रोल ठिबकलं.

"चाचा, टाकी गळ्यापर्यंत भरता ना? ह्याच्यात नुसती वाफ यायला पाहिजे, पेट्रोल शिरलं की हा तुंबतो. म्हणून नळी बंद पडते, म्हणून दिवा लागला."

मला राहवलं न्हाई. बायकोचं सगळं सांगितलं. "थांबलो नसतो तर गाडी पोचली असती का?"

"दिवा लुकलुकत होता का नुसता पेटलेला?"

"नुसता पेटलेला."

त्यानं पुसलेले हात परत पुसले. "लुकलुकला तरच थांबायचं असतं. पोचली असती, चाचा."

दुसरा कुणी असता तर माझं मन राखलं असतं. ह्याला ते जमलं न्हाई. पाणी आणून दिलं अन् कितीतरी वेळ शेजारी बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देगलूरच्या लेकीला फोन लावला. म्हणलं, "बाई, गाडी बंद पडली नव्हती. मी थांबवली होती."