विमानं तेवढी बघायची राहिली

आमच्या घरात लग्नाचं स्थळ बघायची एक पद्धत होती. स्थळाच्या गावात आपलं कोणीतरी असतंच. त्याला निरोप धाडायचा. त्याने त्या घरी ‘सहज इकडे आलो होतो’ म्हणून जायचं, चहा घ्यायचा, घर किती स्वच्छ आहे, सासू किती बोलते, पाणी मागितल्यावर किती वेळाने येतं हे बघायचं आणि आपल्याला कळवायचं. माझं लग्न असंच ठरलं, बहिणीचंही असंच ठरलं. त्यामुळे मुलीला परदेशात विमान चालवायला शिकायला पाठवायची वेळ आली, तेव्हा चौकशीची याहून वेगळी पद्धत असू शकते असं मला वाटलंच नाही.

दोन हजार पाच-सहाच्या आसपासचे दिवस ते. स्वस्त विमानं नुकतीच सुरू झाली होती आणि आमच्या भाईंदर पूर्वेत, जिथे लोक बोरिवलीला जायचं तरी आधी आठ दिवस ठरवायचे, तिथे जो तो विमानांबद्दल बोलायला लागला होता. देशात वैमानिक कमी पडतायत असं पेपरात रोज छापून यायचं. आमची मुलगी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती. एका रविवारी मटार सोलता सोलता ती म्हणाली, “मला पायलट व्हायचंय.”

“दाणे खाली पाडू नकोस,” बायको म्हणाली. चर्चा संपली असं आम्हा दोघांना वाटलं.

ती संपली नव्हती. पुढच्या महिन्यात आम्ही तिघं अंधेरीच्या एका हॉटेलातल्या सेमिनारला बसलो होतो. परदेशातल्या सात-आठ फ्लाइंग स्कूलचे एजंट कोट घालून टेबलं मांडून बसले होते. प्रत्येकाच्या माहितीपत्रकावर तेच निळं आकाश, तेच पांढरं विमान आणि त्याला टेकून हसणारी बहुधा तीच मुलगी. जमलेले आईबाप मात्र फसणाऱ्यातले नव्हते. त्यांनी एजंटांना चांगलंच धारेवर धरलं. मेस व्हेज आहे का? जैन जेवण मिळेल का? मुलींचं हॉस्टेल वेगळं आहे का? कपडे धुवायला बाई येते का? शेवटचा प्रश्न माझा होता. “घरच्यासारखं वाटेल सर,” एजंट म्हणाला आणि त्याने मला आणखी एक समोसा दिला. पैशांची सोय आम्ही कशी केली हा स्वतंत्र आणि अतिशय कंटाळवाणा विषय आहे, तो इथे नको.

माहितीपत्रकं घरी आणून आम्ही एकच गोष्ट बघितली: कुठल्या देशात आपलं कोण आहे. बायकोचा एक मावसभाऊ ऑस्ट्रेलियात होता. नकाशात त्याचं गाव आणि एक स्कूल यांच्यात माझ्या बोटाचं एक पेर मावत होतं. म्हणजे शेजारीच. प्रत्यक्षात ते नऊ तासांच्या ड्रायव्हिंगवर निघालं, पण मेव्हणा शब्दाचा पक्का. एका शनिवारी तो बायकोला घेऊन निघाला, त्या स्कूलमध्ये ‘सहज इकडे आलो होतो’ म्हणून गेला आणि सोमवारी त्याचा फोन आला. आम्ही तिघं फोनभोवती कान लावून बसलो.

“माणसं एकदम सज्जन आहेत,” मेव्हणा सांगत होता. “मालकाच्या बायकोने आम्हाला कॉफी दिली, केक दिला. बाथरूम बघितलं, चकाचक. मुलींचा मजला वेगळा. स्वयंपाकीण श्रीलंकेची आहे, म्हणजे भात रोज. आणि मालक देवभोळा आहे हो, टेबलावर येशूचा फोटो.”

बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात मुलीने फोन हातात घेतला. “मामा, विमानं किती आहेत त्यांच्याकडे?”

पलीकडे मेव्हणा आधी त्याच्या बायकोला काहीतरी विचारून आला.

“विमानं...” मेव्हणा म्हणाला, “ती तेवढी बघायची राहिली बघ. असतील मागच्या बाजूला.”

मी त्याच संध्याकाळी स्थळ पक्कं झाल्याचं जाहीर केलं. बायकोने इमारतीत पेढे वाटले. तळमजल्यावर कटलरीचं दुकान चालवणारे गुजराती शेजारी हात जोडून वर आले. “बेबी पायलट बनेगी तो हमको फ्री में घुमायेगी ना?” त्यांनी विचारलं. मी सगळ्या मजल्यांच्या वतीने हो म्हणून टाकलं.

मुलगी मात्र आमच्या इथल्या केबिन रोडवरच्या सायबर कॅफेत जाऊन बसायला लागली. साड्यांचं दुकान आणि फरसाणवाला यांच्या मधल्या फटीत तो कॅफे होता, आत तीन कॉम्प्युटर आणि एक पंखा. दहा-बारा दिवस ती रोज जात होती. मग एक दिवस तिने प्रिंट काढलेल्या कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. त्या त्या स्कूलमध्ये शिकलेल्या मुलांना तिने शोधून शोधून मेल पाठवले होते आणि त्यांनी उत्तरं दिली होती. मामाने बघून आलेल्या स्कूलमध्ये चाळीस मुलांमागे दोन विमानं होती, त्यातल्या एकाचं इंजिन कित्येक महिने काढून ठेवलेलं. मुलं उडायचा नंबर कधी लागतो याची वाट बघत बसायची. एकाने लिहिलं होतं की वर्षभरात तो उत्तम भात लावायला शिकला. मेस चांगली होती, त्याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. बापाने रीतसर चौकशी केल्यावर मुलीने पुन्हा चौकशी करायची म्हणजे काय? चौथ्या दिवशी मीच विचारलं, “मग तुला कुठलं हवंय?”

तिला अमेरिकेतलं एक हवं होतं. गाव वाळवंटात, वर्षभर ऊन. विमानं चौदा, दुरुस्ती करणारे मिस्त्री स्कूलचे स्वतःचे. मुख्य शिक्षक खडूस, असं झाडून सगळ्यांनी लिहिलं होतं. मेस नाही. हॉस्टेल नाही. आमच्या दोन्हीकडच्या नात्यागोत्यातलं एकही माणूस त्या राज्यात नाही. आईबापांना नाकारायला सोपं जावं म्हणून मुद्दाम काढलेली शाळा असावी, अशी. तो खडूस शिक्षक मुलांच्या मुलाखती घ्यायला हैदराबादला येणार होता आणि सोबत पालक हवेच होते, सहीसाठी.

“स्वस्तातली विमानं आहेत ना,” बायको म्हणाली. “अहो, जाऊन तर या.”

ज्याने जन्मात विमानात पाऊल टाकलं नाही असा माणूस सहा महिने विमानाच्या शाळा पसंत-नापसंत करत होता. हे घरात कोणालाही खटकलं नव्हतं, मला तर नाहीच.

तर तो माझा पहिला विमानप्रवास. हायवेवरच्या काशिमीऱ्याहून टॅक्सी करून आम्ही विमानाच्या वेळेआधी चार तास विमानतळावर पोहोचलो. बायकोने डब्यात थालीपीठं आणि चटणी दिली होती, कारण स्वस्त विमानात पाणीसुद्धा विकत असतं हे तिला शेजाऱ्यांकडून कळलं होतं. तिकिटावर सीट नंबर नव्हता. ज्याला जी मिळेल ती त्याची. बस आम्हाला विमानापाशी सोडते न सोडते तोच सुटाबुटातली माणसं बॅगा छातीशी धरून शिडीकडे धावत सुटली. मीही धावलो. आत शिरताच दोन रिकाम्या सीटवर मी एसटीत टाकतात तसा रुमाल टाकला आणि मुलगी येईपर्यंत तिथे राखण करत उभा राहिलो. हवाई सुंदरीने माझ्याकडे असं बघितलं की तो रुमाल पुन्हा खिशात घालायचीही मला लाज वाटली.

बसलो, म्हणजे गुडघे पुढच्याच्या पाठीत रुतवले. पुढचा गृहस्थ दर दोन मिनिटांनी मागे वळून बघत होता. सीट मागे जावी म्हणून मी बटण दाबलं, तर बटण नुसतंच होतं, शोभेला. मग आम्हाला तासभर जमिनीवरच ठेवलं आणि एसी बंद. आणीबाणीत काय करावं याची चित्रं असलेलं एक जाड कार्ड प्रत्येकासमोर होतं, त्याने सगळे वारा घ्यायला लागले. अख्ख्या विमानात ते कार्ड वाचणारी एकच व्यक्ती होती आणि ती माझ्या शेजारी बसली होती. मी डबा उघडला तसा लसणीच्या चटणीचा वास मागच्या रांगेपर्यंत गेला. “पायलट झालीस की पहिल्यांदा या सीटांचं बघ,” मी मुलीला म्हटलं. ती हसली आणि तिने अर्धं थालीपीठ घेतलं.

हैदराबाद आलं. खाली घरं दिसायला लागली, मग रस्ते, मग रस्त्यावरची माणसं. चाकं आता टेकणार म्हणून मी पाय ताठ केले, तोच विमानाने प्रचंड आवाज केला आणि ते नाक वर करून पुन्हा आकाशात निघालं. मला सीटमध्ये कोणीतरी दाबून धरल्यासारखं झालं. मागे एक बाई मोठ्याने देवाचं नाव घ्यायला लागली. पुढचा गृहस्थ ओरडला, “अरे, लँडिंग करना आता नहीं क्या इसको?” त्याबरोबर सगळ्यांनाच कंठ फुटला. पायलट नवा असणार, स्वस्तात ठेवलेला असणार, कंपनीवर केस टाकली पाहिजे. मुलीचं मनगट मी इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या बांगडीचा वळ माझ्या तळव्यावर उमटला.

“बाबा, धावपट्टी मोकळी नसेल,” ती म्हणाली. तिचा आवाज घरी असतो तसाच होता. “अशा वेळी उतरायचं नसतं, वर जायचं आणि फिरून यायचं. बरोबर केलं त्यांनी.”

“तुला काय माहीत?”

“शिकायच्या पहिल्या गोष्टींतली एक आहे ती.”

दहा मिनिटांनी विमान नीट उतरलं. वैमानिक दारात येऊन उभा होता, तिशीचाही नसेल, कपाळावर घाम. पुढच्या गृहस्थाने त्याला उतरता उतरता चार शब्द सुनावलेच. माझ्याही जिभेवर एक वाक्य तयार होतं, चांगलं टोचणारं. मुलगी माझ्या पुढे होती. ती त्याला ‘थँक यू’ म्हणाली आणि शिडी उतरायला लागली. मी वाक्य गिळलं. काही वर्षांनी त्या दारात ही उभी असेल आणि गुडघे आखडलेला कोणीतरी माझ्यासारखाच शहाणा तिला सुनावून जाईल, हे डोक्यात आलं आणि मग दिवसभर गेलंच नाही.

मुलाखत एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. शिक्षक साठीचा, काटकुळा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. समोसे नव्हते, कोट नव्हते, निळं आकाशही नव्हतं. त्याने अर्धा तास मुलीला प्रश्न विचारले, तीनदा ‘चूक’ म्हटलं आणि एकदाही हसला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तुम्हाला काही विचारायचंय?”

माझ्या खिशात यादी होती. बायकोने आणि मी मिळून काढलेले अकरा प्रश्न, मी इंग्रजीत नीट लिहून आणलेले. पहिला तांदूळ कुठे मिळतो याचा होता. मी कागद उलगडला, चष्मा लावला, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

“तुमच्या स्कूलमध्ये कोणी विद्यार्थी मेलाय का?”

शेजारच्या खुर्च्यांवरचे आईबाप वळून माझ्याकडे बघायला लागले. इतक्या महिन्यांत हा शब्द कोणीच उच्चारला नव्हता. अंधेरीचे एजंट न विचारताच ‘शंभर टक्के सेफ’ म्हणायचे आणि आम्हीही लगेच हॉस्टेलकडे वळायचो.

“हो,” तो म्हणाला. “एक मुलगा. चार वर्षांपूर्वी. हवा बिघडत होती, त्याला जाऊ द्यायला नको होतं. मी दिलं.” मग त्या दिवशी काय काय झालं ते त्याने सगळं सांगितलं. काहीही मऊ केलं नाही. त्यानंतर त्याने कुठले नियम बदलले तेही सांगितलं. तेव्हापासून हवेच्या बाबतीत तो कोणाचंच ऐकत नाही, मुलं त्याला शिव्या घालतात, घालू देत, असंही म्हणाला. मग सहीचा कागद माझ्यासमोर ठेवून तो पाणी प्यायला उठला. आम्हा दोघांना बोलता यावं म्हणूनच उठला असणार.

“मला माहीत होतं, बाबा,” मुलगी हळूच म्हणाली.

“कधीपासून?”

“पहिल्याच मेलमध्ये होतं. त्या मुलाच्या रूममेटनेच लिहिलं होतं. त्यानेच हे स्कूल घे म्हणून सांगितलं.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाहीत,” ती म्हणाली. “तुम्ही भाताचं विचारत होतात.”

ती रागाने नव्हती बोलली, त्यामुळे जास्तच लागलं. खरंच होतं ते. सहा महिने मी भाताचं विचारलं, बाथरूमचं विचारलं, कपडे धुणाऱ्या बाईचं विचारलं, कारण मला भीती वाटत होती. एवढी भीती, की ती मी बायकोसमोर, मेव्हण्यासमोर, स्वतःसमोरही कबूल केली नव्हती. आणि ही पोर ती भीती एकटीने खिशात घेऊन केबिन रोडवरून रोज घरी येत होती, आमच्याबरोबर जेवत होती, उरलेले पेढे खात होती.

मी पेन घेतलं. पहिलं अक्षर मी इतकं दाबून काढलं की कागद टेबलावर सरकायला लागला. तिने दोन बोटांनी त्याची कड दाबून धरली आणि माझी सही पूर्ण होईपर्यंत सोडली नाही.