आटलेल्या तलावातली बकेट

ओल्या गाळाचा वास आला की तो आटलेला तलाव आठवतो. दुष्काळात गावच्या सोसायटीच्या, पुढे लोडर लावलेल्या ट्रॅक्टरने मी त्यातला गाळ काढत होतो. ट्रॉली उतारापलीकडे होती, म्हणून लोडरची भरलेली बकेट आधीच उंच उचलून मी उतारावरून आडवा निघालो. मध्येच मागचं एक चाक जमिनीवरून सुटलं. काठावरचे सगळे ओरडले, "उडी मार बे!" त्या दिवशी ज्यांच्या शेतात गाळ टाकायची पाळी होती ते काका मात्र ओरडले, "बसून ऱ्हा! बकेट खाली घे, हळू!" मी लोडरचा दांडा हळूच ढकलला. बकेट टेकली, पाठोपाठ चाकही. काका जवळ आले. "सांडला त्यो गाळ माज्या वाट्यात धरायचा न्हाई, आदीच सांगतो." मला हसू फुटलं, तेव्हा कुठे वाचल्याचं कळलं. आजही भरलेली बकेट ट्रॉलीपाशी पोचेपर्यंत मी हातभरच वर ठेवतो.